हार्ड डिस्क गेली: डेटा काढून घ्यायला पैसे घालायचे का?

डिस्क लावली, लॅपटॉपने ओळखली नाही, कान लावला तर आतून टिक-टिक ऐकू येतंय. अशा वेळी हात आपोआप केबल काढून पुन्हा लावतो. मग दुसरा यूएसबी पोर्ट, मग भावाचा लॅपटॉप, मग रात्रभर चालू ठेवलेलं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर. एवढं सगळं होऊन डिस्क डेटा काढून देणाऱ्या लॅबमध्ये पोहोचते, तेव्हा सुरुवातीला जे काम त्यातल्या त्यात सोपं होतं ते अवघड होऊन बसलेलं असतं आणि दरही त्या हिशोबाने चढलेला असतो.

म्हणून क्रम उलटा करायचा. पैसे घालायचे की नाही हे आधी ठरवायचं, डिस्कला हात नंतर लावायचा. हे ठरवायला डिस्क चालू करावी लागत नाही. कागद आणि पेन पुरतो.

आधी वीज तोडा

डिस्क संगणकापासून काढा आणि बाजूला ठेवा. कारण समजलं तर हे पाळणं सोपं जातं. हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेतात. पोर्टेबल डिस्कमध्येसुद्धा तबकडीची बाहेरची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेगाने पळत असते आणि वाचणारं हेड तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर, हवेच्या थरावर तरंगत असतं. डिस्क पडून हेड वाकलं असेल, तर दर वेळी चालू केल्यावर ते तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडू शकतं. तुमचे फोटो त्याच थरात असतात. तो खरवडला गेला की जगातली कोणतीही लॅब तो परत आणू शकत नाही.

घरगुती इलाजांचंही तेच. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. बाहेर काढल्यावर आतल्या तबकड्यांवर दव धरतं, एवढाच त्याचा परिणाम. टेबलावर हलकेच आपटणं, तांदळात पुरून ठेवणं, झाकण उघडून ‘नुसतं बघणं’ हे सगळं त्याच माळेतलं. विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारलं तर नाही म्हणा. आणि कोणी ‘सीएचकेडीएसके मारून बघ’ म्हणालं तर ऐकू नका. विंडोजची ती आज्ञा फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, नीटनेटकी करते, त्या भरात तुमच्या फायलींचे दुवे तोडूनही टाकते, आणि हे सगळं मूळ डिस्कवरच लिहिते.

पुराच्या पाण्यात गेलेल्या डिस्कचा नियम वेगळा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला दुकानांच्या तळमजल्यावरचे संगणक पाण्याखाली गेले. असं झालं की लोक डिस्क उन्हात वाळवतात. तसं करू नका. बहुतेक डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं, आणि वाळताना चिखल व क्षार तबकडीला धरून बसतात. ओलीच, हवाबंद पिशवीत घालून, शक्य तितक्या लवकर लॅबला न्यायची.

यादी करा, आणि ती प्रामाणिक करा

‘माझं सगळं त्यात होतं’ हे वाक्य लॅबवाल्याला पैसे मिळवून देतं, तुम्हाला निर्णय देत नाही. डिस्कमध्ये काय होतं ते ओळीने लिहा. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: हे दुसरीकडे कुठे सापडेल?

इथे वेळ द्या. एका संध्याकाळच्या शोधाशोधीत यादी अर्ध्यावर येते असं बहुतेक घरांत दिसतं.

फोटोंपासून सुरुवात करा. १ जून २०२१ पर्यंत गूगल फोटोजमध्ये थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवा, जागा मोजली जात नव्हती. त्या काळात अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या अनेकांचे फोटो नकळत तिथे चढत राहिले. तेव्हा वापरात असलेला, आज विसरलेला जीमेल पत्ता आठवा आणि त्यात शिरून बघा. मात्र दोन वर्षं अजिबात न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागलं, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकू नका. मग व्हॉट्सअ‍ॅप. तिथे पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो, पण चार बाय सहाच्या प्रिंटला चालतो. आत्याच्या फोनमध्ये, फॅमिली ग्रुपमध्ये, कधीच काही डिलीट न करणाऱ्या एखाद्या काकांकडे बारशापासून मुंजीपर्यंतचं सगळं पडलेलं असतं. लग्नाचे मूळ फोटो आणि व्हिडिओ फोटोग्राफरकडे असू शकतात. त्याला फोन करायला काहीच लागत नाही.

कागदपत्रांची चिंता लोक उगाच जास्त करतात. आधार, पॅन, गुणपत्रिका यांची स्कॅन केलेली प्रत गेली म्हणजे कागद गेला असं नाही. बरंच काही डिजिलॉकरवरून परत उतरवता येतं. सातबारा महाभूलेखवर आहे. आयकर विवरणपत्रं पोर्टलवर आहेत. ईमेलच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये जुने बायोडेटा, करारनामे, प्रोजेक्ट रिपोर्ट हमखास सापडतात.

धंद्याचा डेटा असेल तर सीएला विचारा. टॅलीचा मागच्या वर्षअखेरचा बॅकअप त्याच्या ऑफिसात असण्याची चांगली शक्यता असते. भरलेली जीएसटी विवरणपत्रं पोर्टलवर मिळतात, पण हिशोबाची वहीखाती जपायची जबाबदारी तुमचीच: वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. म्हणून ‘जुनं गेलं तर गेलं’ हे दुकानदाराला परवडेलच असं नाही.

शोध संपल्यावर जे उरेल, खरा प्रश्न तेवढ्याचाच. कधी आजोबांच्या आवाजातलं एकच रेकॉर्डिंग उरतं, कधी पीएचडीची शेवटची दोन प्रकरणं, कधी काहीच नाही. ही यादी जपून ठेवा. पुढे ती लॅबलाही द्यायची आहे.

तुमचा आकडा, लॅबचा दर ऐकण्याआधी

उरलेल्या ओळींसाठी जास्तीत जास्त किती रुपये द्याल? लिहून ठेवा. दर ऐकल्यावर हा आकडा ठरवायला गेलात तर तो दराच्या मागे ओढला जातो. काउंटरपलीकडच्या माणसाने ‘नव्वद टक्के येईल, पण आजच ठरवा’ म्हटलं की भलेभले गडबडतात.

धंद्यासाठी हा हिशोब कोरडा आहे. गेलेल्या नोंदी बिलांवरून पुन्हा भरायला एका माणसाचे किती दिवस जातील, त्याचा पगार किती, दरम्यान अडलेली येणी किती. बेरीज करा, तोच तुमचा आकडा. गिऱ्हाइकाचं काम गेलं असेल, म्हणजे लग्नाचं शूटिंग किंवा छपाईच्या फायली, तर नाव जाण्याची किंमतही त्यात धरा.

घरगुती आठवणींना असा हिशोब लागत नाही, आणि लावूही नये. तिथे मी एवढंच बघेन की ही रक्कम गेली आणि हाती काही आलं नाही, तर पुढचा महिना कसा जाईल. कारण तसं होऊ शकतं. पूर्ण हमी कोणतीही खरी लॅब देत नाही. कर्ज काढून डेटा काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची गरजही नाही, कारण कोरड्या जागी बंद पडून असलेली डिस्क काही महिन्यांत आणखी बिघडत नाही. अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह डबाबंद करून ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात तर नक्कीच. पैसे जमले की न्या.

लक्षणं काय सांगतात

आता, आतापर्यंत जे पाहिलं-ऐकलं तेवढ्यावरूनच बिघाडाची जात ओळखायची. त्यासाठी डिस्क पुन्हा चालू करायची नाही.

आवाज नाही, थरथर नाही, दिवा नाही: आधी केबल आणि अ‍ॅडॅप्टरवर संशय घ्या. टेबलावर ठेवायच्या मोठ्या बाह्य डिस्कला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. कोणी चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा जोडला असेल तर डिस्कच्या सर्किट बोर्डवरचे संरक्षक डायोड जळतात. ते जळण्यासाठीच बसवलेले असतात, त्यामुळे हा बिघाड त्यातल्या त्यात स्वस्तात सुटतो. इथे ‘सेम नंबरचा बोर्ड ऑनलाइन मागवून बदल’ असा सल्ला मिळेल. आजच्या डिस्कमध्ये बोर्डवरच्या एका चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची स्वतःची माहिती असते. ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या बोर्डवर नेल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून भागत नाही.

नियमित टिक-टिक: हेडला तबकडीवरच्या खुणा वाचता येत नाहीत. बारीक गुणगुण किंवा बीप: मोटर फिरू पाहतेय पण फिरत नाही, बहुधा हेड तबकडीला चिकटलंय. या दोन्हींत घरी करण्यासारखं काहीही नाही. डिस्क उघडावी लागते, तीही गाळलेल्या हवेत, आणि हेड बदलायचं असेल तर त्याच मॉडेलची, जुळणारी दुसरी डिस्क सुटे भाग काढायला आणावी लागते. खर्च वाढतो तो इथे.

फिरते, ओळखली जाते, पण फोल्डर उघडायला दहा-दहा मिनिटं: हेड कमजोर झालेलं असतं किंवा खराब सेक्टर, म्हणजे तबकडीवरच्या वाचता न येणाऱ्या जागा, वाढलेले असतात. हीच अवस्था सगळ्यात फसवी. डिस्क ‘चालतेय’ म्हणून लोक कॉपी-पेस्ट करत बसतात आणि तीच डिस्क मधेच दम तोडते. यादीत मोलाचं काही असेल तर इथेच थांबा. या टप्प्यावर आलेली डिस्क लॅबला मेलेल्या डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्तात वाचवता येते.

डिस्क ठणठणीत आहे, फक्त चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालंय: हा सॉफ्टवेअरचा प्रश्न, आणि हा घरी सुटू शकतो.

आणि वेस्टर्न डिजिटलचा ‘माय पासपोर्ट’ असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘आतली डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये टाक’ हा इलाज इतर काही बाह्य डिस्कना लागू पडतो, याला नाही. यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डवरच असतो, आणि पासवर्ड लावलेला नसला तरी डेटा हार्डवेअरमध्येच कूटबद्ध (एन्क्रिप्ट) होतो.

एसएसडीबद्दल, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कबद्दल, थोडक्यात. एसएसडीवरून डिलीट झालेलं ‘ट्रिम’ नावाच्या सोयीमुळे बहुतेक वेळा लगेच कायमचं जातं. त्यासाठी पैसे घालू नका. कंट्रोलर (तिचा कारभार बघणारी चिप) मेलेली एसएसडी कधी सुटते, कधी नाही. २०१८ पासूनच्या टी२ चिपच्या आणि त्यानंतरच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये साठवण कूटबद्ध असते आणि किल्ली मदरबोर्डच्या चिपशी बांधलेली असते. त्यामुळे तिथे डेटा काढणं म्हणजे बोर्ड जिवंत करणं.

घरी प्रयत्न कधी करावा

दोनच परिस्थितींत. एक, डिस्क तब्येतीने ठीक आहे. दोन, तुमचा लिहिलेला आकडा इतका लहान आहे की लॅबला द्यायचं नाही हे पक्कं झालंय आणि डिस्क पूर्ण गेली तरी चालेल. ‘आधी घरी बघू, नाही जमलं तर लॅब’ ही तिसरी वाट दिसायला शहाणपणाची, पण महाग पडते ती हीच.

तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात खराब सेक्टर दाखवणाऱ्या ०५, सी५ आणि सी६ या ओळींचे कच्चे आकडे (रॉ व्हॅल्यू) शून्य असतील तर बरं. नसतील तर आधी दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर संपूर्ण प्रत काढायची. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू यासाठी उत्तम. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि नंतर तिथे परत येतं. साध्या कॉपीत तसं होत नाही, ती पहिल्याच खराब जागी डोकं आपटत बसते. १ टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने तीन तासांच्या आत संपते. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. पुढचं सगळं शोधकाम प्रतीवर: फायली शोधून देणारी फोटोरेक आणि टेस्टडिस्क ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. सापडलेल्या फायली तिसऱ्या जागी साठवा, त्याच डिस्कवर कधीही नाही.

लॅब गाठण्याआधी एक फुकटची चौकशी

डिस्कचा डबा किंवा बिल शोधा. सीगेटच्या काही डिस्कसोबत ठरावीक वर्षांसाठी ‘रेस्क्यू’ नावाची डेटा काढून देण्याची सेवा आलेली असते, आणि घेणाऱ्याला ते बहुधा माहीतही नसतं. सिरीयल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तपासता येतं. साधी वॉरंटी मात्र डेटाला लागू नसते. वॉरंटीत बदलून मिळते ती रिकामी डिस्क, आणि तुमची जुनी कंपनीकडे जाते. डेटा हवा असेल तर वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

लॅबला काय विचारायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘डेटा रिकव्हरी’च्या पाट्या भरपूर आहेत, तशा आता तालुक्याच्या गावातही दिसतात. त्यातल्या अनेक ठिकाणी डिस्क फक्त जमा होते आणि पुढे कुठेतरी जाते. त्यात फसवणूक असेलच असं नाही, पण प्रत्येक हात बदलताना दर वाढतो आणि कोणीतरी ‘जरा लावून बघतो’. म्हणून पहिला प्रश्न: डिस्क तुम्ही स्वतः उघडता की बाहेर पाठवता? स्वतः उघडत असतील तर जागा बघू का, असं विचारा. गाळलेल्या हवेचं बंदिस्त टेबल तरी दिसलं पाहिजे. पंख्याखाली, चहाच्या कपाशेजारी झाकण उघडणाऱ्याला नमस्कार करून निघा.

मग पैशांचं. तपासणीचे किती? डेटा आला नाही तर काय द्यायचं? ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ असं जिथे म्हणतात तिथेही सुट्या भागांसाठी आणलेल्या डिस्कचे पैसे वेगळे, न परतीचे असू शकतात. ते आधीच लिहून घ्या. दर जीएसटीसह की वेगळा? १८ टक्क्यांनी आकडा बराच हलतो. ढोबळमानाने सॉफ्टवेअरचं काम चार आकड्यांत भागतं आणि डिस्क उघडायची वेळ आली की रक्कम पाच आकड्यांत जाते. तपासणीच्या आधीच फोनवर ठाम आकडा किंवा ठाम टक्केवारी सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

आता ती यादी बाहेर काढा. लॅबला सांगा की आधी हे फोल्डर, मग हे, बाकी आलं तर आलं. जखमी डिस्कमध्ये बदललेलं हेडसुद्धा किती वेळ टिकेल याचा नेम नसतो. लॅबची यंत्रणा संपूर्ण डिस्क वाचण्याआधी ठरावीक फोल्डरच्या जागा वाचू शकते. २ टीबीपैकी तुम्हाला खरं तर ४० जीबीच हवं आहे, हे ऐकून दर कमी झाला नाही तरी तुमचं ४० जीबी येण्याची शक्यता वाढते.

बिटलॉकर (विंडोजची डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू असलेला लॅपटॉप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते. ती मिळत नसेल तर दुरुस्त झालेली डिस्कही वाचता येणार नाही, म्हणून पैसे देण्याआधी की शोधा, नंतर नाही. आणि लॅबकडे तुमच्या डेटाची प्रत किती दिवस राहते, नंतर पुसतात का, हेही विचारा. त्यात तुमच्या घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं आहेत.

डिस्क शक्य तर स्वतः न्या, एसटीत मांडीवरच्या पिशवीत. कुरियरच करायची तर अँटिस्टॅटिक पिशवी, चहूबाजूंनी बबल रॅप, आत न हलेल असा डबा. कुरियरचा विमा डिस्कच्या किमतीचा असतो, डेटाचा नाही.

हो किंवा नाही

तपासणीनंतर दर आला की तो तुमच्या लिहिलेल्या आकड्याशेजारी ठेवा. कमी असेल तर हो म्हणा. जास्त असेल तर एकदा घासाघीस करून बघा, नाहीतर डिस्क परत घ्या आणि डब्यात ठेवा. अगदी थोडा फरक असेल तर यादीकडे परत बघा: जे उरलंय ते खरंच दुसरीकडे नाही ना?

पैसे चुकते करण्याआधी फायलींची यादी मागा, आणि यादीवर थांबू नका. नाव दिसणं आणि फाइल उघडणं यात फरक आहे. शून्य केबीच्या फायलींनाही नावं असतातच. तुमच्या प्राधान्याच्या फोल्डरमधल्या पाच-दहा फायली समोर उघडून बघा. व्हिडिओ असेल तर मधूनही चालवा, सुरुवात चांगली आणि पुढे खंडित असं होतं. डेटा नव्या डिस्कवर घ्या आणि जुनीही परत मागा, कोणत्याही अवस्थेत.

लॅबने ‘होणार नाही’ सांगितलं तर कारण विचारा, शक्यतो फोटोसह. तबकडीवर गोल चरे दिसत असतील तर दुसऱ्या लॅबच्या तपासणीचे पैसे वाचवा. सुटे भाग मिळाले नाहीत किंवा त्या मॉडेलचं काम करत नाही असं कारण असेल तर दुसरीकडे दाखवण्यात अर्थ आहे. मात्र डिस्क उघडली गेली होती हे तिथे आधीच सांगा.